परत येणे आणि परत घेतले जाणे
मराठी साहित्यातील ‘परती’च्या आशयसूत्राची चिकित्सा

१

दीर्घ काळ परदेशी वा परमुलखात राहिलेल्या माणसाचे स्वभूमीकडे परतणे हे आशयसूत्र मराठी साहित्याला नवे नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात समुद्रपार जाऊन आलेल्यांची चरित्रे आणि प्रवासवृत्ते लिहिली जाऊ लागली. तेव्हापासून अलीकडच्या कादंबरीपर्यंत आणि नाटकापर्यंत हे सूत्र वेगवेगळ्या रूपांत येत राहिले आहे. या सूत्राचा विचार करताना मराठी समीक्षेने मात्र बहुधा एकाच संकल्पनेचा आधार घेतलेला दिसतो; ती संकल्पना म्हणजे स्मरणरंजन. परतणाऱ्याच्या मनात गावाची, घराची, बालपणाची एक प्रतिमा असते. प्रत्यक्षात आढळणारे गाव त्या प्रतिमेशी जुळत नाही. या विसंगतीतून कारुण्य वा उपरोध निर्माण होतो, असे या विवेचनाचे साधारण स्वरूप असते.

हे विवेचन चूक नाही, पण अपुरे आहे. परतणे ही घटना ते सर्वस्वी परतणाऱ्याच्या मनात घडवते. दारात उभा राहिलेला माणूस काय आठवतो, याची चर्चा होते. दार कोण उघडते, कोणत्या अटींवर उघडते आणि ते उघडलेच नाही तर काय होते, हे प्रश्न मात्र बाजूला पडतात. वस्तुतः परतण्याच्या क्रियेला दोन बाजू आहेत. एक ‘परत येणे’ आणि दुसरी ‘परत घेतले जाणे’. पहिली क्रिया व्यक्तीची आहे. दुसरी कुटुंबाची, जातीची, गावाची, राज्यसंस्थेची. पहिली पूर्ण झाली म्हणजे दुसरी झालीच असे नाही. मराठीतील परतीच्या महत्त्वाच्या संहितांचा ताण या दोन क्रियांमधील अंतरात साठलेला आहे, असे प्रस्तुत विवेचनाचे प्रतिपादन आहे.

हे अंतर दृष्टीआड का होते, याचे एक कारण परतीच्या ओढीला मराठीत लाभलेल्या सर्वांत प्रभावी काव्यरूपात सापडते. १९०९ साली ब्राइटनच्या किनाऱ्यावर वि. दा. सावरकरांना सुचलेल्या, सागराला उद्देशून असलेल्या सुप्रसिद्ध कवितेत परतू इच्छिणारा आणि मातृभूमी यांच्यामध्ये अडथळा आहे तो केवळ समुद्राचा. पलीकडे वाट पाहणारी आई आहे; तिच्या दारात चौकशी करणारे कोणी नाही. आर्त भावकाव्याच्या दृष्टीने ही रचना स्वाभाविकच आहे. कवीचे प्रत्यक्ष परतणे मात्र १९१० साली कैदी म्हणून झाले आणि ते घरी नव्हे, तर न्यायासनासमोर व पुढे अंदमानात घेऊन गेले. कवितेतील परत आणि इतिहासातील परत यांमध्ये राज्यसंस्था उभी होती. स्मरणरंजनाच्या चौकटीत या उभ्या असलेल्या तिसऱ्या पक्षाला स्थानच मिळत नाही.

२

परत घेतले जाणे ही एकोणिसाव्या शतकात रूपकात्मक गोष्ट नव्हती. तिला विधीचे निश्चित रूप होते. समुद्रगमन हे कलिवर्ज्य मानले गेल्यामुळे विलायतेहून आलेल्या माणसाला जातीच्या पंक्तीत बसण्यासाठी प्रायश्चित्त घ्यावे लागे. न घेतल्यास बहिष्कार ठरलेला असे. म्हणजे माणूस बंदरात उतरला तरी त्याचे परतणे पूर्ण होत नसे. ते पूर्ण झाले की नाही, हे ठरवण्याचा अधिकार कधीच कोठे न गेलेल्यांच्या हाती होता.

या पार्श्वभूमीवर आनंदीबाई जोशी यांचे उदाहरण अर्थपूर्ण ठरते. अमेरिकेला जाण्यापूर्वी, फेब्रुवारी १८८३ मध्ये, श्रीरामपूर येथील महाविद्यालयात केलेल्या भाषणात त्यांनी आपण हिंदू म्हणूनच जाऊ आणि हिंदू म्हणूनच परत येऊन राहू, अशी ग्वाही दिली होती. हे भाषण जाण्याविषयी आहे असे वरवर वाटते. प्रत्यक्षात ते परतण्याविषयी आहे. निघण्याआधीच परतण्याची अट मान्य करणे भाग पडावे, ही त्यातली खरी गोष्ट. १८८६ मध्ये वैद्यकीय पदवी घेऊन त्या परतल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, कोल्हापूरच्या रुग्णालयातील नियोजित पदावर रुजू होण्यापूर्वीच, पुण्यात निधन पावल्या. त्यांच्या अस्थी पुढे न्यूयॉर्क राज्यातील पकिप्सी येथे, त्यांना लेकीप्रमाणे वागवणाऱ्या कार्पेंटर कुटुंबाच्या स्मशानभूमीत पोहोचल्या. काशीबाई कानिटकरांनी लिहिलेल्या चरित्रापासून श्री. ज. जोशी यांच्या ‘आनंदी गोपाळ’ (१९६८) या कादंबरीपर्यंत या जीवनाचे कथन वारंवार झाले. त्या कथनांत मृत्यूची शोकांतिका ठळक झाली, हे समजण्यासारखे आहे. पण हिंदू म्हणून परतण्याची ग्वाही देऊन गेलेल्या स्त्रीचा अखेरचा अवशेष परमुलखाच्या मातीत विसावला, या वस्तुस्थितीत परतीच्या सूत्राची जी गुंतागुंत आहे, तिच्याकडे पुरेसे लक्ष गेलेले नाही.

३

परत येणे आणि परत घेतले जाणे यांतील अंतर सर्वांत निखळपणे प्रकट होते ते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आत्मपर टिपणांत. ही टिपणे इंग्रजीत असून बाबासाहेबांच्या हयातीत ती अप्रकाशित राहिली. १९९० साली पुस्तिकारूपाने प्रसिद्ध झाली आणि मराठीतही आली. मराठी आत्मपर लेखनाच्या परंपरेत, विशेषतः दलित आत्मकथनांच्या संदर्भात, त्यांचे वाचन होते. परतीचे कथन म्हणूनही त्यांचे वाचन व्हावयास हवे.

१९१३ साली कोलंबिया विद्यापीठात गेलेले आंबेडकर लंडनमार्गे ऑगस्ट १९१७ मध्ये परतले आणि शिष्यवृत्तीच्या करारानुसार बडोदा संस्थानात नोकरीसाठी गेले. परदेशातील वास्तव्याने आपण अस्पृश्य आहोत ही जाणीवच मनातून पुसली गेली होती, असे ते नमूद करतात. बडोद्याच्या स्थानकावर उतरताच, जायचे कोठे, हा प्रश्न उभा राहतो आणि पुसली गेलेली जाणीव परत येते. परतीच्या रूढ कथनात स्थानकावर उतरणारा माणूस ओळखीच्या खुणा शोधतो. येथे ओळखीची खूण एकच आहे आणि ती माणसाच्या आधी तेथे येऊन थांबलेली आहे.

हिंदू खाणावळीत प्रवेश नाही. म्हणून ते पारशी विश्रामगृहात जातात. तेथे पारश्याखेरीज इतरांना राहता येत नाही. व्यवस्थापकाला पैशांची गरज असल्याने वहीत पारशी नाव घालून सोय होते. म्हणजे स्वदेशात राहण्यासाठी स्वतःचे नाव बाजूला ठेवावे लागते. त्या मजल्यावर दुसरे कोणी नाही. शेजारच्या दालनात फळ्या, बाके, मोडक्या खुर्च्या यांची अडगळ भरलेली आहे आणि अपुऱ्या उजेडात विद्वान माणूस एकटा रात्री काढतो. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेला जमाव येतो आणि जागा सोडावी लागते. एक हिंदू आणि एक ख्रिस्ती मित्र असे दोघेही आसरा देण्यास असमर्थता दाखवतात. मुंबईची गाडी रात्रीची. तोवरचा वेळ कमाठी बागेत काढावा लागतो.

या कथनाचे वाङ्मयीन सामर्थ्य त्याच्या संयमात आहे. आक्रोश नाही, अलंकरण नाही. भाडे, वेळ, अंतर, संवाद यांच्या नोंदी आहेत. पण सर्वांत बोलके आहे ते शीर्षक. प्रवेशपरवाना परक्या देशात शिरण्यासाठी लागतो. जो देश सोडून माणूस गेला आणि ज्या देशात परत आला, त्याच देशात तो परवान्याची वाट पाहत थांबला आहे, हे या शीर्षकाने सांगितले. परत येणे येथे पूर्ण झाले आहे. परत घेतले जाणे मात्र झालेले नाही, आणि ते व्हावे यासाठी कोणतेही प्रायश्चित्त उपलब्ध नाही. समुद्रगमनाचा दोष धुऊन काढणारी व्यवस्था शास्त्रात होती. जन्माने लादलेला दोष धुऊन काढणारी नव्हती. परतणाऱ्या सवर्णाला विधी करावा लागे, परतणाऱ्या अस्पृश्याला विधीही नाकारला जाई, हा भेद ‘परती’च्या कोणत्याही सिद्धांतनाने आरंभीच मान्य करावयास हवा.

४

विश्राम बेडेकरांची ‘रणांगण’ (१९३९) ही कादंबरी या चर्चेत अगदी वेगळ्या बाजूने येते. तिच्याविषयी मराठीत विपुल लिहिले गेले आहे. प्रेमकथा म्हणून, युद्धविरोधी कादंबरी म्हणून, मराठी कादंबरीच्या क्षितिजाचा विस्तार करणारी कृती म्हणून. तिचा कथाकाळ हा परतीच्या प्रवासाचा काळ आहे, ही बाब मात्र केवळ पार्श्वभूमी समजली जाते. चक्रधर विध्वंस हा नायक युरोपातून इटालियन बोटीने मुंबईला परत येत आहे. त्याच बोटीवर जर्मनीतून बाहेर पडलेले ज्यू निर्वासित आहेत आणि त्यांना शांघायला जायचे आहे. प्रवेशपरवान्याशिवाय उतरता येईल असे फार थोडे बंदर त्या काळी जगात उरले होते आणि शांघाय त्यांपैकी एक होते. १९३८ आणि १९३९ मध्ये हजारो ज्यू याच सागरी मार्गाने तेथे गेले. एकाच बोटीवर, एकाच दिशेने चाललेल्या प्रवाशांपैकी एकाचा प्रवास परतीचा आहे आणि इतरांचा हद्दपारीचा. कादंबरीची रचना या द्वंद्वावर उभी आहे.

हॅर्टा आणि चक्रधर यांच्या प्रेमाला बोटीवर जागा आहे, कारण बोट ही कोणाचीच भूमी नाही. मुंबई जवळ येते तशी भूमी जवळ येते, आणि भूमी म्हणजे परवाना. येथे एक ऐतिहासिक उपरोध लक्षात घ्यावयास हवा. चक्रधर हा परतंत्र देशाचा प्रजाजन आहे; हॅर्टा ही युरोपच्या प्रगत म्हणवणाऱ्या राष्ट्रात जन्मलेली. तरीही उतरण्यासाठी बंदर आहे ते त्याला, तिला नाही. पारतंत्र्यातही एक घर शिल्लक राहते आणि स्वतंत्र राष्ट्र आपल्याच नागरिकाला बेघर करू शकते, ही जाणीव मराठी कादंबरीत इतक्या स्पष्टपणे यापूर्वी आलेली नव्हती. चक्रधर मुंबईला उतरतो, बोट पुढे जाते. त्यानंतर हॅर्टा उरते ती पत्रांमधून, आणि अखेरीस समुद्राला जवळ करते.

परतीच्या आनंदाचा एकही निर्भेळ क्षण या कादंबरीत नाही, याची कारणमीमांसा बहुधा नायकाच्या पूर्वीच्या प्रेमभंगात किंवा त्याच्या स्वभावात शोधली जाते. ती वेगळ्या प्रकारेही करता येईल. जो परत घेतला जातो, त्याला आपले परतणे हा हक्क वाटत असतो. शेजारी परतण्याचा हक्कच हिरावला गेलेला माणूस उभा राहिला, की तो हक्क एकदम विशेषाधिकारासारखा दिसू लागतो. चक्रधराचे किनाऱ्यावर उतरणे म्हणूनच अपराधासारखे भासते. त्याने काही केलेले नाही. त्याला फक्त घर आहे. ‘रणांगण’ आणि ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या संहिता शेजारी ठेवल्या की एक समान गाभा दिसतो. पहिलीत परवाना नसलेली स्त्री परक्या बंदराबाहेर राहते. दुसरीत परवाना नसलेला पुरुष स्वतःच्याच देशात बाहेर राहतो. दोहोंमध्ये फरक मोठा आहे. तो पुसून टाकण्याचे कारण नाही. पण माणसाचे भूमीशी असलेले नाते भावनेवर नव्हे, तर मान्यतेवर उभे असते, हे दोन्ही संहिता सांगतात.

५

स्वातंत्र्योत्तर काळात परतीचे सूत्र बंदरावरून वाड्याच्या उंबरठ्यावर येते. महेश एलकुंचवार यांच्या ‘वाडा चिरेबंदी’ (१९८५) या नाटकात वडिलांच्या मृत्यूनंतर सुधीर मुंबईहून विदर्भातील धरणगावच्या देशपांड्यांच्या वाड्यात येतो. अंतर देशांतर्गत असले, तरी परतीचा व्याकरणक्रम तोच आहे. वाडा त्याला परत घेतो, पण अटीवर. तेराव्याचा खर्च कसा उभा राहायचा, दागिन्यांचे काय करायचे, वाड्याचा वाटा कोणाचा, हे प्रश्न भावनेच्या आड येत नाहीत. तेच भावनेचे रूप आहेत. मागे राहिलेल्या भास्करच्या मनात, हे सगळे आपण सांभाळले, हा दावा आहे. गेलेल्या सुधीरच्या मनात, आपल्याला जावे लागले, हा. दोन्ही दावे खरे असल्यामुळे नाटक कोणाचाही कैवार घेत नाही.

या नाटकाने परतीच्या सूत्रात एक मोलाची भर घातली आहे; ती प्रभाच्या रूपाने. तिला शिकायचे होते, बाहेर पडायचे होते. ते तिला करू दिले गेले नाही. परत येण्यासाठी आधी जाता यावे लागते. जाण्याची परवानगीच न मिळालेली स्त्री परतीच्या कथनात बहुधा पार्श्वभूमीला, दिवा लावणाऱ्या हातापुरती येते. एलकुंचवार तिला बोलते करतात. परतणाऱ्या भावाकडे पाहणारी प्रभाची नजर ही स्मरणरंजनाच्या समीक्षेला सापडत नाही, कारण त्या समीक्षेने नजर फक्त परतणाऱ्याला दिलेली असते. ‘मग्न तळ्याकाठी’ आणि ‘युगान्त’ या पुढील नाटकांसह ही त्रयी १९९४ साली सलग रंगमंचावर आली. ‘युगान्त’मध्ये पुढच्या पिढीतला अभय परदेशातून येतो, तेव्हा परत घेणारेच जवळपास उरलेले नाहीत. भूमी कोरडी पडली आहे. परत घेतले जाण्याची क्रिया ज्यांच्यामुळे शक्य होते ते समाजरूपच विरले, तर परत येण्याला काय अर्थ राहतो, हा त्रयीचा अखेरचा प्रश्न आहे.

भालचंद्र नेमाडे यांच्या ‘हिंदू : जगण्याची समृद्ध अडगळ’ (२०१०) या कादंबरीतही वडिलांचे मरणच मुलाला परत आणते. मोहेंजोदडोच्या उत्खननात गुंतलेला खंडेराव मोरगावकडे निघतो आणि त्या परतीच्या वाटेवर एका कुळाचा, गावाचा, संस्कृतीचा संचय उलगडत जातो. मुलगा परततो तो पित्याच्या जागी उभे राहण्यासाठी. म्हणजे येथे परत घेतले जाणे म्हणजे वारसा स्वीकारणे. खंडेरावाला तो वारसा निर्विवादपणे मान्य नाही. कुळाची शेती की ज्ञानाची वाट, हे द्वंद्व त्याला सोडत नाही. वारशाला ‘समृद्ध’ म्हणतानाच ‘अडगळ’ म्हणण्यात हाच द्विधाभाव आहे. या अंगाने पाहता कादंबरीकार नेमाडे हे सिद्धांतकार नेमाड्यांपेक्षा अधिक संदिग्ध आहेत आणि ती संदिग्धता कादंबरीला उपकारक ठरली आहे.

६

येथे प्रश्न केवळ आशयसूत्राचा राहत नाही. १९८०नंतर मराठी समीक्षेत प्रभावी ठरलेला देशीवाद हा एका अर्थी समीक्षेचेच परतणे होते. वासाहतिक काळात परकीय निकषांकडे गेलेली साहित्यदृष्टी स्वभूमीकडे, स्वभाषेकडे, स्वपरंपरेकडे वळवावी, ही त्यामागील प्रेरणा होती. तिचे ऐतिहासिक मोल नाकारता येणार नाही. आयात केलेल्या सिद्धांतांची उसनवारी तिने उघडी पाडली. पण परतीच्या सूत्राचे वर केलेले विवेचन ग्राह्य असेल, तर देशीवादालाही तोच प्रश्न विचारावा लागतो. स्वभूमीकडे परता, असे सांगताना, ती भूमी कोणाकोणाला परत घेईल, याचा विचार सिद्धांतात कोठे आहे?

देशीवादाच्या बाजूने असे म्हणता येईल की देशी परंपरा एकजिनसी नाही. भक्तिसंप्रदाय, महानुभाव, बहुजनांचे लोकसाहित्य यांनी वर्चस्वाला छेद देणारे प्रवाह तिच्यातच निर्माण केले. म्हणून भूमीचे दार बंद आहे असे मानण्याचे कारण नाही. हा युक्तिवाद गंभीरपणे घ्यावयास हवा. परंतु परंपरेत विद्रोह होता एवढ्याने राहण्याची जागा मिळत नाही. दया पवार यांच्या ‘बलुतं’पासून (१९७८) पुढील आत्मकथनांत गाव हे मूळ म्हणून येते, पण ते परतण्याचे ठिकाण म्हणून निःशंकपणे येत नाही, तेथे परतणे म्हणजे गावात नव्हे, तर गावकुसाबाहेर परतणे असते. शहरात मिळालेली अनामिकता गावाच्या वेशीवर संपते. मूळ असणे आणि आपले असणे या दोन गोष्टींत असे अंतर पडते, तेव्हा मुळांकडे चला हा आदेश सर्वांना सारखा लागू होत नाही.

या दृष्टीने ‘अडगळ’ हा शब्द दोन्हीकडे आढळावा, हा केवळ योगायोग असला तरी उद्बोधक आहे. खंडेरावाला अडगळ मिळते ती वारशात. तिचे काय करावे हा त्याचा पेच आहे, आणि तो पेचही एक संपन्नता आहे. बडोद्याच्या विश्रामगृहातील अडगळ कोणाच्या वारशातली नाही. इतरांनी टाकून दिलेल्या वस्तूंच्या शेजारी, परक्या नावाने, अकराव्या दिवसापर्यंत राहू दिले गेलेल्या माणसाच्या भोवतीची ती अडगळ आहे. एकाला भूमीवरचे ओझे उतरवता येत नाही. दुसऱ्याला भूमीवर ओझे टेकवण्यापुरतीही जागा नाही. या दोन्ही अनुभवांना सामावून घेणारे ‘स्वभूमी’चे सिद्धांतन मराठीत अजून व्हावयाचे आहे.

ते करताना स्मरणरंजनाची संकल्पना टाकून द्यावयास हवी असे नाही. तिची जागा मर्यादित करावयास हवी. परतणारा काय आठवतो या प्रश्नाच्या जोडीला आणखी तीन प्रश्न परतीच्या प्रत्येक संहितेला विचारणे आवश्यक ठरते. त्याला परत कोण घेते? कोणत्या अटीवर घेते? आणि त्याच वाटेवर कोणाला परत घेतले गेले नाही? ‘रणांगण’चे सामर्थ्य तिसऱ्या प्रश्नात आहे, ‘वाडा चिरेबंदी’चे दुसऱ्यात. आणि कमाठी बागेत रात्रीच्या गाडीची वाट पाहत बसलेल्या माणसाच्या कथनात पहिल्या प्रश्नाला उत्तरच नाही. मराठी साहित्याला घराची ओढ पुष्कळ ठाऊक आहे. घराचे दार ज्यांच्या हाती असते त्यांची चिकित्सा त्या मानाने कमी झाली आहे. ती केल्याशिवाय परतीचा कोणताही अर्थ पूर्ण होणार नाही.